वडिलांच्या खाती घरची हुंडी

व्यापारी कुटुंबात देण्याघेण्याचा हिशेब चोख असतो; एक खाते मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकतर्फी चालत आलेले आहे. ते वडिलांचे. सणासुदीला सर्वांना कपडे त्यांनी घ्यावेत, बहिणींची ओवाळणी त्यांनी पाठवावी, मुलांच्या वाढदिवसाची मागणी त्यांनी पुरी करावी, असा क्रम. त्यांना कोणी काही द्यायचे ठरवलेच तर सदरा किंवा पाकीट येते, आणि त्याचे पैसे बहुधा त्यांच्याच गल्ल्यातून गेलेले असतात. हिशेबाच्या भाषेत ही भेट नव्हे; मालकाच्या नावे पडलेली आणखी एक उचल. वडीलही सदरा पाहून ‘छान आहे’ म्हणतात, कापड दोन बोटांत धरून भाव विचारतात आणि कपाटात ठेवून देतात.

जूनचा तिसरा रविवार जवळ आला की बाजारपेठेत ‘फादर्स डे’च्या पाट्या लागतात. हा दिवस अमेरिकेतला. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन या गावी सोनोरा स्मार्ट डॉड नावाची एक विवाहित स्त्री राहत होती. आईच्या मृत्यूनंतर तिच्या वडिलांनी सहा मुलांचा सांभाळ केला होता. १९०९ मध्ये मातृदिनाचे प्रवचन ऐकताना तिच्या मनात आले की, वडिलांसाठीही असा एक दिवस का नसावा? तिला तो वडिलांच्या जन्मदिनी, ५ जूनला हवा होता. परंतु धर्मोपदेशकांना तयारीस अवधी हवा होता, म्हणून १९ जून १९१० या रविवारी तो प्रथम साजरा झाला. मातृदिनाला अमेरिकी शासनाची मान्यता १९१४ मध्ये मिळाली. पितृदिनाला कायद्याने कायमचे स्थान मिळण्यास १९७२ साल उजाडले. वडिलांचे येणे वसूल होण्यास तिथेही अठ्ठावन्न वर्षे अधिक लागली, असे म्हणण्यास हरकत नाही.

मधल्या काळात हा दिवस जिवंत ठेवण्यात तिथल्या पुरुषी कपड्यांच्या व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. नेकटाय ही वडिलांची ठरीव भेट झाली ती त्यातूनच. उलट, मातृदिनासाठी झटलेल्या ॲना जार्विस यांना आपल्या दिवसाचा झालेला बाजार इतका खुपला की छापील शुभेच्छापत्रांविरुद्ध त्या आयुष्यभर झगडल्या. स्वतः चार ओळी न लिहिता छापील कार्ड पाठवणे हा त्यांच्या मते आळस होता. व्यापारी वाचकांनी बाजाराला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु जी वस्तू आपण दुकानात विकतो, तीच घरात प्रेमाचा पुरावा म्हणून पुरते काय, एवढा प्रश्न जरूर विचारावा.

आपल्या प्रदेशातही असे दिवस आहेत. श्रावणातील अमावास्या महाराष्ट्रात पिठोरी म्हणून ओळखली जाते. त्या दिवशी आई वाण डोक्यावर धरून ‘अतिथी कोण?’ विचारते आणि मुले मागून ते घेतात. हाच आपला मातृदिन. गंमत अशी की, नेपाळात तीच अमावास्या वडिलांची मानली जाते. काठमांडूजवळच्या गोकर्णेश्वर मंदिरात दिवंगत पित्याचे श्राद्ध करण्यासाठी त्या दिवशी गर्दी होते, आणि ज्यांचे वडील हयात आहेत ते त्यांना मिठाई देऊन नमस्कार करतात. अर्थात या सुमारास श्वेतांबर घरांत पर्युषण सुरू असते. खेळीमेळीच्या भेटींना ते दिवस नव्हेत. म्हणून तारीख जूनची घ्यावी, वडिलांच्या वाढदिवसाची घ्यावी किंवा वहीपूजनाच्या आसपासची घ्यावी. तारखेपेक्षा भेट काय, हे महत्त्वाचे.

ती भेट व्यापाऱ्याच्याच घरातून, त्याच्याच वाडवडिलांच्या पेढीवरून घेता येते. तिचे नाव हुंडी.

आजच्या मुलांना हुंडी म्हणजे मंदिरातील दानपेटी एवढेच ठाऊक असते. त्यांच्या पणजोबांना मात्र हुंडी म्हणजे पैसा न हलवता पैसा पोहोचवण्याची युक्ती म्हणून माहीत होती. एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर कागद लिहायचा. तो कागद दाखवताच त्या पेढीने रक्कम द्यायची. चोरवाटांनी भरलेल्या मुलखातून थैल्या नेण्यापेक्षा एक कागद नेणे सोयीचे होते. मोडीत, महाजनीत, गुजरातीत लिहिलेले हे कागद देशभर चालत. १८८१ मध्ये परक्राम्य दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हाही देशी भाषांतील दस्तऐवजांच्या स्थानिक रूढीला त्याने हात लावला नाही. नरसी मेहतांनी द्वारकेच्या शामळशा शेठवर लिहिलेल्या सातशे रुपयांच्या हुंडीची कथा पश्चिम भारतात घरोघरी सांगितली गेली, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला हुंडी म्हणजे काय आणि ती न पटणे म्हणजे काय, हे पुरते कळत होते. हुंडी परत गेली तर पेढीची पत गेली. लिहिणाऱ्याचा शब्द आणि देणाऱ्याची नीयत यांखेरीज त्या कागदाला दुसरे बळ नव्हते.

मुलांनी वडिलांना अशी हुंडी लिहून द्यावी. पैशांची नव्हे, वेळेची, श्रमाची आणि सहवासाची. पाश्चात्त्य घरांतून मुले ‘कुपन’ची पुस्तिका करून देतात, त्यातली कल्पना हीच आहे, पण कुपन दुकानाने गिऱ्हाइकाला द्यायची वस्तू आणि हुंडी बरोबरीच्या दोन पेढ्यांतला व्यवहार. घर ही पेढी मानली की मुलांनाही आपल्या सहीची किंमत कळते.

हुंडीचा मजकूर जुन्या वळणाने लिहिण्यातच अर्धी मौज आहे. एक नमुना असा:

‘॥ श्री ॥ स्वस्ति श्री घर शुभस्थाने चि. भाऊ यास ताईचा आशीर्वाद. विशेष. तुजवर हुंडी एक केली असे. पप्पांचे पाय चेपणे मिनिटे २०, अक्षरी वीस, निम्मे दहा, त्याची दुप्पट पुरी. पप्पांनी हुंडी दाखवताच, दुकानातून आल्यावर, कुरकुर न करता चोख देणे. मिती आषाढ शुद्ध पंचमी.’

यातील ‘निम्मे दहा, त्याची दुप्पट’ हा शब्दांचा खेळ नाही. आकड्यात कोणी फेरफार करू नये म्हणून जुन्या हुंडीत रक्कम आकड्यात, अक्षरांत आणि निम्म्याची दुप्पट अशी तीनदा लिहीत. नऊ वर्षांच्या मुलाला ही एक ओळ समजावून सांगितली की, चेकवर रक्कम अक्षरांत का लिहितात, हे त्याला पुन्हा शिकवावे लागत नाही.

हुंडीचे जितके प्रकार पेढीवर होते, तितके घरातही उपयोगी पडतात. दर्शनी हुंडी दाखवताच द्यायची. चहा, पाय चेपणे, हरवलेला चष्मा शोधणे, मोबाइलमधील फोटो नीट लावून देणे ही कामे दर्शनीत लिहावीत. मुदती हुंडी ठरल्या दिवसांनी द्यायची. तिच्यासाठी एकेकाळी सरकारी मुद्रांक छापलेला खास कागद मिळे. घरी बटाट्याचा ठसा चालला असता, पण ज्या घरी कंदमूळ येत नाही तिथे भेंडी आडवी कापून फुलासारखा ठसा उमटवावा. परीक्षा संपल्यावर गोदामातील कप्प्यांना चिठ्ठ्या लावून देणे, दिवाळीपूर्वी जुन्या बिलांच्या फायली वर्षवार लावणे, अशी मोठी कामे मुदतीत घालावीत.

नामजोग हुंडी ज्याचे नाव लिहिले त्यालाच मिळते. म्हणजे पप्पांची हुंडी काकांनी वटवायची नाही. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पैठ, आणि तीही हरवली तर परपैठ देण्याची रीत होती. सदऱ्याच्या खिशातील हुंडी धुलाईच्या यंत्रात गेली, तर मुलांनी पैठ लिहून द्यावी. जिकरी चिठ्ठी हा आणखी एक गोड प्रकार. मूळ पेढीने हुंडी नाकारली तर दुसऱ्या ओळखीच्या पेढीने ती सांभाळून घ्यावी, म्हणून ही चिठ्ठी सोबत देत. भावाला ताप असेल तर पाय कोण चेपणार? त्यासाठी आजीची जिकरी चिठ्ठी जोडून ठेवावी. आजीला ही जबाबदारी मिळाली की तिचाही खेळात भाग येतो, आणि बहुधा ती चिठ्ठी वटण्याची वेळ येत नाही, कारण आजीला त्रास नको म्हणून भाऊच उठतो.

सर्वांत अर्थपूर्ण हुंडी जोखमी. हिच्यात माल सुखरूप पोहोचला तरच रक्कम देय होत असे. हुंडी आणि विमा एकाच कागदात. घरच्या जोखमी हुंडीत माल म्हणजे स्वतः वडील. ‘पप्पा सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचले, तर सर्वांनी एकत्र बसून चोविहाराचे जेवण, आणि जेवणात त्यांच्या आवडीची एक वस्तू मुलांच्या हातची.’ माल पोहोचला नाही, तर देणे नाही. कित्येक व्यापारी घरांत संध्याकाळचा डबा दुकानावर जातो आणि वडील गादीवरच चार घास उरकून घेतात. मुलांनी त्यांना ‘लवकर या’ म्हणून विनवण्यापेक्षा जोखमी हुंडी हाती द्यावी. व्यापाऱ्याला विनवणी टाळता येते. मुदत संपत आलेला कागद टाळणे त्याच्या स्वभावात नसते.

शेवटचा प्रकार जवाबी. ही हुंडी वटल्यावर घेणाऱ्याने पोहोच लिहून पाठवायची. मुलांच्या प्रत्येक हुंडीच्या पाठीवर वडिलांनी एक ओळ लिहावी, असा नियमच असावा. बहुतेक वडिलांच्या हस्ताक्षरातील कागद घरात पुष्कळ असतात, पण ते बिलांचे, पावत्यांचे, याद्यांचे. मुलांना उद्देशून लिहिलेली त्यांची ओळ क्वचितच सापडते. ‘मिळाले. पाय हलके झाले.’ एवढे चार शब्दही पुढे फार मोलाचे ठरतात.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. पहिले, घरच्या हुंडीत रुपयांचा आकडा कधीही लिहू नये. पैसा आला की खेळ संपतो, आणि सहीनिशी लिहिलेल्या रकमेचा कागद थट्टेतही घरात पडून राहू नये. दुसरे, जेवढे देता येईल तेवढेच लिहावे. उत्साहाच्या भरात वीस हुंड्या लिहिणारी पेढी श्रावणाच्या आत दिवाळे काढते. सहा पुष्कळ झाल्या. न पटलेल्या हुंडीने घरात वाईट शिकवण जाते. कागद लिहायला सोपा आणि शब्द पाळायला अवघड, हे मुलांना लहानपणीच कळू द्यावे.

एवढे सारे नीट केल्यावरही एक अडचण उरते. ती मुलांकडून येत नाही, वडिलांकडून येते. तालुक्याच्या गावातील एका भुसार आडत्याच्या घरचे उदाहरण घ्यावे. तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा यांनी जूनमध्ये सहा हुंड्या लिहून दिल्या. वडिलांनी त्या वाचल्या, मनापासून हसले आणि खणात ठेवून दिल्या. श्रावण गेला, भाद्रपद गेला. एकही हुंडी दाखवली गेली नाही. आईने खण आवरताना पाहिले, तर सहाही कागद मुदत ठेवींच्या पावत्यांबरोबर रबर लावून जपून ठेवलेले होते. मुलीला वाईट वाटले. तिच्या मते, हुंडी न दाखवणे म्हणजे पेढीवर विश्वास नसणे.

वडिलांचे म्हणणे साधे होते: ‘पोरांना कशाला राबवायचे?’ पण खरे कारण त्याहून खोल असते. व्यापारी माणूस दिवसभर मागत असतो. उधारी मागतो, माल मागतो, मुदतवाढ मागतो. ते मागणे धंद्याचे असते, त्यात संकोच नसतो. स्वतःसाठी काही मागण्याची सवय त्याला कोणी लावलेलीच नसते. लहानपणी त्याने आपल्या वडिलांना काही मागताना पाहिलेले नसते, आणि मोठेपणी घरासमोर न मागणे हाच मोठेपणा, असे तो समजून चालतो.

मुलगी आडत्याचीच होती. तिने शाळेच्या वहीत खाते उघडले आणि पप्पांच्या नावासमोर ‘देणे बाकी, हुंड्या सहा’ असे लिहिले. एका रविवारी बाजार थंड असताना ती भावाला घेऊन दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘शेठ, आमच्याकडे तुमची बाकी आहे, जमा करून घ्या.’ गादीवरचे मुनीमजी हसू आवरेनात. देणेकरी आपणहून देणे घेऊन पायरीवर आल्याचा प्रसंग त्या बाजारात फार वर्षांनी घडला असावा. वडिलांना त्या दिवशी एक हुंडी वटवावीच लागली. मुलांनी कोऱ्या पावतीपुस्तकांवर वर्षभराचे क्रमांक घालून दिले, आणि वडिलांनी पाठीवर पोहोच लिहिली.

पुढच्या दोन हुंड्या अशाच हसतखेळत पटल्या. चौथी मात्र वेगळी होती. ती मुलाने आईच्या मदतीने लिहिली होती: ‘पप्पांशेजारी बसणे मिनिटे ३०, अक्षरी तीस, निम्मे पंधरा, त्याची दुप्पट. कोणी एकही प्रश्न विचारणार नाही.’ मार्गशीर्षात एका संध्याकाळी वडील नेहमीपेक्षा लवकर घरी आले, न बोलता खण उघडला आणि ती हुंडी मुलापुढे धरली. मुलगा घड्याळ घेऊन शेजारी बसला. ताई येऊन बसली, आई येऊन बसली. एरवी ‘काय झाले, तोंड का उतरले’ असे चार प्रश्न आले असते आणि ‘काही नाही’ हे एकच उत्तर मिळाले असते. तीस मिनिटे कोणी काही विचारले नाही. वेळ झाल्यावर मुलाने ‘पटली’ म्हटले, तेव्हा वडील आपणहून बोलले. शेजारच्या गावच्या एका खरेदीदाराने गोदामाला कुलूप लावले होते आणि तुरीच्या दोन गाड्यांचे पैसे त्याच्याकडे अडकले होते.

व्यापारी घरात अडचणीची बातमी बाजाराला आधी कळते, बँकेला नंतर आणि घराला सर्वांत शेवटी, तीही बहुधा शेजाऱ्याच्या तोंडून. या घराला ती त्याच संध्याकाळी कळली. त्यामुळे बुडीत रक्कम परत आली नाही. पण नवी दुचाकी घेण्याचा बेत पुढे गेला, आईने लग्नसराईचा खर्च आवरला, आणि कर्जाचा हप्ता चुकला नाही. मुख्य म्हणजे वडिलांना तो महिना हसरा चेहरा ठेवून काढावा लागला नाही. कोणत्याही दुकानात विकत मिळणाऱ्या भेटीने हे साधले नसते.

गादी मुलाच्या हाती सोपवून घरी बसलेल्या आजोबांची हुंडी निराळी लिहावी. त्यांना विश्रांतीचा कंटाळा आलेला असतो. पाय चेपण्यापेक्षा ‘रोजचा रोजमेळ रात्री वाचून दाखवणे’ ही मुदती हुंडी त्यांना अधिक सुखाची होईल. आकडे ऐकून ते दोन सूचना करतील. त्यांतली एक जुनी असेल, दुसरी कामाची निघेल. सुनेने सासऱ्यांच्या नावे, पुतण्यांनी काकांच्या नावे हुंडी लिहिण्यास काहीच प्रत्यवाय नाही. आणि ज्या घरात वडील नाहीत, आईच दुकानाची पायरी चढते, तिथे हुंडी आईच्या नावे निघावी. पेढी जो चालवतो, येणे त्याचे.

मुले परगावी असतील तर प्रश्नच मिटतो, कारण हुंडीचा जन्मच अंतरासाठी झालेला आहे. अँटवर्पला हिऱ्यांच्या धंद्यात असलेला किंवा पुण्यात शिकणारा मुलगा ‘गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी, बाबूजींसोबत स्टेशनापर्यंत पायी फेरी, मोबाइल घरी ठेवून’ अशी हुंडी टपालाने पाठवू शकतो. व्हॉट्सॲपवर आलेले छायाचित्र मात्र हुंडी म्हणून धरू नये. मूळ कागद हाती आल्याखेरीज पेढी रक्कम देत नसे. हा नियम इथेही ठेवावा, म्हणजे निदान एक पाकीट टपालात पडेल.

पटून पूर्ण झालेल्या हुंडीला पेढीवर खोखे म्हणत. ही खोखी फेकून न देता एका दोऱ्यात ओवून ठेवावीत. वहीपूजनाच्या दिवशी नव्या चोपड्यांशेजारी ती माळ ठेवावी आणि वर्षभरात किती हुंड्या निघाल्या, किती पटल्या, किती बाकी राहिल्या, हे मुलांनी मोठ्याने वाचावे. बाकी असतील त्या नव्या वर्षाच्या खात्यात ओढाव्यात. सारी बाकी एकाच वर्षात फिटावी असा आग्रह नको. वडिलांचे येणे मोठे आहे. ते हप्त्याहप्त्याने, पण न चुकता देत राहावे. पहिला हप्ता या रविवारी, एका कोऱ्या कागदावर, ‘स्वस्ति श्री घर शुभस्थाने’ या शब्दांनी सुरू करता येईल.